हात लावलेल्या गोळ्या

दवाखान्यातून घरी आल्यापासून आनंदीबाईनं एकही गोळी तोंडात घातली नव्हती. गोळ्यांची पिशवी देव्हाऱ्याखालच्या फळीवर होती तशीच, गाठसुद्धा न सुटलेली. आणि बाई ओटीवरच्या खाटेत उशांना टेकून बसलेली. पाय सुजून हे एवढे झालेले, चार शब्द बोलली की धाप. पण तोरा बघाल तर जत्रेतल्या मानकरणीचा! नवऱ्यानं समजावलं, शेजारणींनी समजावलं. सुनेनं, सुप्रियानं, दुधात विरघळवून द्यायचा डाव टाकून पाहिला, तर म्हातारीनं नुसत्या वासावरून पेला मागं सारला. सगळ्यांना मिळून तिचं उत्तर एकच. डॉक्टरबाईंचा हात लावून आणा, मग घेते.

कर्जतच्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर निघताना मालोजीला बाजूला घेऊन बोलला होता. आजींचं हृदय थकलंय, छातीत पाणी झालं होतं, ते आत्ता कमी केलंय, पण इथून पुढं सगळी भिस्त गोळ्यांवर. गोळ्या चुकल्या की पाणी पुन्हा साठणार, आणि पुढच्या वेळी आणाल तेव्हा आमच्या हातात काही उरेलच असं नाही. मालोजीनं हे बायकोला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, त्या पोराला अजून मिशी फुटली नाय धड, त्याला काय कळतंय. दवाखान्यात तू घेतलेल्या गोळ्या कशा चालल्या, असं विचारलं तर म्हणाली, तवा मी शुद्धीत कुठं होते.

आता बाहेरच्या माणसाला हे खूळ वाटेल. वाटू दे बापडं. पण कुंभेवाडीत ज्यांनी ते दिवस बघितलेत, त्यांच्यापैकी आनंदीबाईला कोणी हसलं नाही.

पोशीरच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी ही वाडी. आता दारापर्यंत डांबरी रस्ता आलाय, पण त्या काळी ओढ्यापलीकडं चाक म्हणून येत नव्हतं. माणूस आजारी पडला की भगताकडून अंगारा आणायचा, नाहीच उतार पडला तर डोलीत घालून नेरळची वाट धरायची, आणि बऱ्याचदा अर्ध्या वाटेवरून डोली परत फिरवायची. अशा वेळी नगरकडचं एक ख्रिस्ती जोडपं नेरळच्या मिशनच्या जीपमधून आलं. डॉक्टर एस्तेर उजागरे आणि त्यांचे मालक शांतवनराव. बाई तपासायच्या, शांतवनराव जीप हाकायचे आणि कागदाच्या पुड्या बांधायचे. दर गुरुवारी जीप ओढ्याशी उभी राहायची आणि औषधांच्या पेट्या डोक्यावर घेऊन दोघं चिखल तुडवत वर यायची.

पहिले काही गुरुवार गावानं त्यांना बसायला जागासुद्धा दिली नाही. बाटवायला आलेत म्हणे! पिंपळाखाली पेटी उघडून बसलेली ती दोघं, आणि लांबून बघणारा गाव. मग एका गुरुवारी भर पावसात आनंदीबाई, तेव्हा जेमतेम सून होऊन आलेली, डोक्यावर इरलं घेऊन पिंपळाखाली गेली आणि म्हणाली, आमच्या ओटीवर चला. सासऱ्यानं घरात थयथयाट केला. मालोजीच्या तोंडचं पाणी पळालं. पण पेट्या ओटीवर आल्या त्या आल्या, आणि पुढं कितीतरी वर्षं दर गुरुवारी येत राहिल्या.

आणि बाटवण्याचं म्हणाल, तर खोटं कशाला बोला, कुंभेवाडीतून एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. दवाखाना सुरू व्हायच्या आधी शांतवनराव औषधांच्या पेटीवर ताल धरून देवाचं एक गाणं म्हणायचे, लोक माना डोलवत ऐकायचे, कारण गळा गोड होता. उलट गावानंच त्यांना टाळ धरायला शिकवलं आणि सप्त्याला ते हौसेनं मागच्या रांगेत उभे राहायला लागले. बाटवलं त्यांनी गावाला ते एकाच बाबतीत. पाणी उकळून प्यायला लावलं.

काय दिवस होते ते! गुरुवार उजाडला की मालोजीला ते अजून आठवायचं. एका चुलीवर टोपात सुया उकळतायत, दुसऱ्या चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या, ओटीभर स्पिरिटचा वास, आणि रांग अंगणातून पार गोठ्यापर्यंत. वरच्या वाडीतल्या कातकरी बाया पहाटेच उतरून यायच्या. त्यांच्यात आणि गावात तेव्हा शिवायचं नाही, पण डॉक्टरबाईंची रांग म्हणजे रांग. आधी आला तो आधी, मग तो पाटील असो नाहीतर पोशा कातकरी. पाटलाला एकदा त्यांनी सरळ पोशाच्या मागं बसवलं होतं, आणि पाटील मूग गिळून बसला होता. दुपारी बाई आणि शांतवनराव आत येऊन चुलीपुढं जेवायला बसायचे. वालाचं बिरडं असलं तर बाई भाकरी जास्तीची मागून घ्यायच्या. आनंदीबाई त्यांच्या ताटात वाढताना अशी फुलायची की मालोजीला वाटायचं, आपल्या ताटाकडं बघताना हिचं तोंड असं का होत नाही?

तर मुद्दा हाताचा. डॉक्टरबाईंची औषध द्यायची एक रीत होती. पुडी बांधून झाली तरी ती नुसती फेकायच्या नाहीत. रोग्याला पुढं बोलवायचं, पहिली गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची, त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटायची आणि क्षणभर डोळे मिटायचे. मग डोळे उघडून म्हणायचं, घे आता. प्रत्येकाला. ताप असो, खरूज असो, नाहीतर पोटात जंत असोत. एकदा आनंदीबाईनं धीर करून विचारलं, बाई, तेव्हा तुमी मंत्र म्हनता का? तशा बाई हसल्या. "मंत्र कसला गं. देवाला सांगते, माझं काम झालं, आता तुझं."

त्यांनी सांगितलं सरळ, पण गावानं घ्यायचं ते घेतलं. गावानं ठरवलं की गुण हातात आहे. गोळी नुसती निमित्त, खरं औषध ते मूठ मिटणारे हात. आणि एकदा हे डोक्यात बसल्यावर काय विचारता! कर्जतहून, नेरळहून, पार पनवेलच्या मोठ्या दवाखान्यातून लिहून दिलेल्या गोळ्या घेऊन लोक गुरुवारच्या रांगेत बसायला लागले. काही दुखत नाही, खुपत नाही, फक्त हात लावून द्या. बाई संतापायच्या. त्यांचा संताप म्हणजे नगरी मिरची. "अरे गाढवांनो, औषध त्या डॉक्टरचं, हुशारी त्याची, आणि हात माझा कशाला? माझ्या हाताला काय साखर लागलीये?" लोक खाली माना घालून शिव्या ऐकायचे, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की शिव्या संपल्या की हात पुढं येणार. यायचाच. वरच्या वाडीच्या सोनुबाईनं तर एकदा म्हशीचं औषध आणलं होतं हात लावायला. बाईंनी तिला अशी झाडली की झाडावरची पाखरं उडाली. आणि मग बाटली तिच्या हातात देऊन, दोन्ही हातांनी तिची मूठ मिटून, डोळे मिटले. म्हैस उठली. मग तर बघायलाच नको.

मालोजीचा स्वतःचा विश्वास होता की नव्हता, हे त्याला धड सांगता आलं नसतं. पण आनंदीबाईचा होता आणि त्याला कारण होतं. पहिलं मूल सुईणीच्या हातात गेलं होतं. दुसऱ्या वेळी मूल पायाकडून यायला लागलं, तेव्हा ऐन लावणीत, भर दुपारी, पोशा धावत जाऊन डॉक्टरबाईंना घेऊन आला. गुरुवार नव्हता तरी बाई आल्या. ओढ्याला कमरेएवढं पाणी, त्यातून आल्या. चिखलानं भरलेलं लुगडं तसंच, आणि त्या हातांनी त्यांनी राजेशला बाहेर काढला. तेव्हापासून आनंदीबाईच्या लेखी देव एकीकडं आणि ते हात एकीकडं.

पुढं रस्ता झाला, सरकारी उपकेंद्र झालं, मिशननं जीप बंद केली. शांतवनराव गेले. डॉक्टरबाई नगरला परत गेल्या नाहीत, नेरळलाच एका लहानशा घरात राहिल्या. पण हात लावून आणण्याची चाल काही मोडली नाही. नेरळच्या बाजाराला जाणारा माणूस चार घरांच्या गोळ्यांच्या पिशव्या घेऊन जायचा आणि हात लावून आणायचा.

राजेश रसायनीच्या कारखान्यात कामाला. संध्याकाळी पाळी संपवून आला, आईचे पाय बघितले आणि बापाला अंगणात बोलावून म्हणाला की बाबा, हे नाटक पुरे झालं. पिशवी घ्या, गावाबाहेर एक फेरी मारा, परत या आणि सांगा, हात लावून आणल्या. आईचा जीव मोठा की हे खूळ मोठं?

मालोजीला पटलं नाही असं नाही. पण मुलाचा तो शहाणपणाचा सूर त्याला लागला. कारण राजेश पायाळू. पायाकडून जन्मलेला. आणि पायाळू माणसानं पाय लावला की धरलेली कंबर मोकळी होते, हे अख्ख्या पंचक्रोशीला माहीत. रविवारी राजेश घरी असला की कंबर धरलेली माणसं अंगणात पालथी पडलेली असायची आणि हा कारखान्यातला शिकलेला गडी त्यांच्या पाठीला पाय लावत फिरायचा.

"तुझा पाय चालतो," मालोजी म्हणाला, "आन त्यांचा हात नाय चालत?"

राजेश हातपाय धुवायला निघून गेला. त्यावर बोलणार काय, कपाळ!

दुसऱ्या दिवशी सकाळी मालोजी पिशवी घेऊन निघाला. शेतात वाल भरात आला होता. डॉक्टरबाईंना आवडतात म्हणून त्यानं शेंगांचं एक गाठोडं सोबत घेतलं. आनंदीबाईनं खाटेवरून बजावलं, पिशवी बाईंकडं असते त्या पोरीच्या हातात देऊन येऊ नका, समोर बसून हात लावून घ्या, आणि बाईंना सांगा, आनंदी आजारी हाय. मग धाप लागून ती उशीवर कलली. मालोजीनं तिच्याकडं पाहिलं. ही गेली तर? ह्या बयेशी भांडण्याशिवाय आपल्याला दुसरं काही येतच नाही. भांडायचं कोणाशी मग?

टेंपो पोशीरवरून नेरळला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. डॉक्टरबाईंचं घर जमालभाईंच्या वखारीशेजारी. जमालभाईंची सून आसिया दिवसभर त्यांच्याकडं असायची. दार तिनंच उघडलं. मालोजीच्या हातातली पिशवी बघून ती सवयीनं म्हणाली, "द्या काका, बाई झोपल्यात. आत नेऊन हात लावून आणते."

मालोजी म्हणाला, नाय बाय, आज समोर बसायचं हाय. मंडळी लय आजारी हाय. आसियानं त्याला टाळायचा पुष्कळ प्रयत्न केला. बाईंना बरं नाही, रात्री झोप नाही, परवा या. मालोजी उंबऱ्यावर उभाच. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असल्या बाईशी त्यानं संसार केला होता, त्याला उभं राहण्याची सवय होती. शेवटी आसिया उंबऱ्यातच खाली बसली आणि तिनं सांगून टाकलं. बाईंना काही आठवत नाही. गेल्या पावसाळ्याच्याही आधीपासून. वाडीहून पिशव्या येतात त्या तीच आत नेते, बाईंच्या पलंगावर जरा वेळ ठेवते आणि बाहेर आणून देते. हात लावलाय म्हणून सांगते. लोक इतक्या लांबून येतात काका, तोंडं बघून सांगवत नाही.

मालोजीच्या डोळ्यांपुढं वाडीतलं एकेक घर आलं. ऋषिकेशच्या आजीची साखर, किशोरचा दमा. सगळे त्याच, हात न लागलेल्या गोळ्या खाऊन हिंडत होते. त्याला हसावं की रडावं कळेना.

आत डॉक्टरबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. झोपल्याबिपल्या नव्हत्या. केस पांढरेशुभ्र, विंचरून बांधलेले. केवढी होती ही बाई, आणि आता केवढीशी झाली, असं मालोजीला वाटलं. तो पुढं झाला तशी त्यांनी मान वर केली आणि त्याच जुन्या सुरात म्हणाल्या, "रांगेत बसा."

मालोजी बसला. भिंतीला पाठ लावून, पाय दुमडून, जसा ओटीवर बसायचा तसा. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी तो गप्प बसून राहिला. आसिया दाराशी तोंडाला ओढणी लावून उभी होती. बराच वेळ गेल्यावर बाईंनी त्याला खुणेनं पुढं बोलावलं, आणि त्याला आशा वाटली. त्यानं गाठ सोडली, गोळ्यांची पट्टी काढली, आणि सांगितलं की बाई, मी मालोजी, कुंभेवाडीचा. आनंदी आजारी हाय. आनंदी, तुमच्या सुया उकळायची ती. एकदा हात लावा यावर.

डॉक्टरबाईंनी पट्टीकडं पाहिलं आणि आपले दोन्ही हात मागं ओढून पदरात लपवले. "मी कशी हात लावू? डॉक्टरबाई नाहीत आज. गुरुवारी येतील, तेव्हा या."

मालोजीनं पुन्हा विनवलं. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं, समजुतीनं, लहान मुलाला सांगावं तसं. गुरुवारी या. आसिया हलकेच म्हणाली, राहू द्या काका, त्या लावणार नाहीत, कोणालाच लावत नाहीत आता. मालोजीनं पट्टी पिशवीत घातली. आता घरी जाऊन काय सांगायचं? खाटेवर उशांना टेकलेली बायको त्याला दिसायला लागली. कानात तो तरुण डॉक्टर बोलायला लागला. तो पिशवीची गाठ पुन्हा बांधत बसला.

तेवढ्यात बाईंच्या गोळीची वेळ झाली. आसियानं केळ्यात कालवून चमचा पुढं केला. बाईंनी तोंड घट्ट मिटलं. तिनं लाडीगोडी लावली, डोळे मोठे केले, बाईंनी मान फिरवली. आसियाच्या डोळ्यांत पाणी आलं. रोज असंच, ती म्हणाली. आठवडा होत आला, काही घेत नाहीत. रक्तदाब चढतो, डॉक्टर म्हणतात दवाखान्यात ठेवून नळीनं द्यावं लागेल. विचारलं तर म्हणतात, डॉक्टरबाई देतील तेव्हा घेईन.

म्हणजे घ्या! जिच्या हाताची सगळी वाडी वाट बघते, ती बाई स्वतःच त्या हाताची वाट बघत बसलेली.

मालोजीनं आसियाकडं दुसरी गोळी मागितली. केळ्यात नको, कोरडी दे म्हणाला. तो बाईंच्या खुर्चीपुढं गुडघ्यांवर बसला. पदरातला त्यांचा हात त्यानं हळूच बाहेर काढला. त्यांनी काढू दिला. त्यानं तळहातावर गोळी ठेवली, मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली आणि डोळे मिटले. मिटले खरे, पण पुढं म्हणायचं काय? देवाचं नाव घ्यावं, तर कोणत्या? त्याच्या देवाचं की त्यांच्या? त्याला सुचेना. मग तो मनातल्या मनात म्हणाला, कोन असशील तो, माझं काम झालं, आता तुझं.

डोळे उघडून म्हणाला, "घ्या आता."

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. मग गोळी तोंडात टाकली आणि पाण्यासाठी हात पुढं केला. आसियानं पटकन पेला पुढं केला.

वालाच्या शेंगा आसियाकडं देऊन मालोजी निघाला आणि परतीच्या टेंपोत त्यानं मनाशी खोटं घोकायला सुरुवात केली. आसियानं निघताना तेच सुचवलं होतं. काका, सांगा ना लावला म्हणून, एवढी माणसं त्यावर बरी आहेत, काकी पण होतील. राजेशनंही तेच सांगितलं होतं. सगळं जग एक झालं होतं आणि त्यात चुकीचं काय होतं? त्यानं आख्खं बोलणं जुळवलं. बाई बऱ्या हायत. तुझी चौकशी केली. पट्टी हातात घेतली, डोळे मिटले. वाल बघून खूश झाल्या. पोशीर मागं पडलं, वाडीचा चढ लागला, तोवर त्याला ते स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं.

आनंदीबाई वाटेकडं डोळे लावूनच बसली होती. त्यानं चपला काढल्या, पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि घोकलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. तिनं पिशवी दोन्ही हातांत धरली, कपाळाला लावली. मालोजीनं निःश्वास सोडला. सुप्रिया पाणी आणायला आत वळली.

"शिव्या किती घातल्या?" आनंदीबाईनं विचारलं.

"कोनी?"

"डॉक्टरबाईंनी. दुसऱ्याच्या गोळ्यांना हात लावायला आनला म्हनून."

मालोजी गडबडला. एवढं सगळं जुळवलं आणि शिव्याच राहिल्या की! तो म्हणाला, नाय घातल्या. आजारी हायस म्हनून नसतील घातल्या. पण त्याचा आवाज त्यालाच फसवा वाटला. आनंदीबाई त्याच्याकडं बघत राहिली. शिव्यांशिवाय त्या बाईनं कधी म्हशीच्या बाटलीला हात लावला नव्हता. पिशवी तिनं मांडीवरून खाली खाटेवर ठेवली.

"काय झालंय बाईंना?" ती म्हणाली. "खरं सांगा. हायत ना?"

मग मालोजीनं सगळं सांगितलं. आसियाच्या पिशव्या, रांगेत बसणं, पदरात लपवलेले हात, गुरुवारी या. सांगताना त्याला रडू कोसळलं, इतक्या वर्षांत बायकोसमोर पहिल्यांदा, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही. आपण गोळी कशी दिली आणि बाईंनी ती कशी घेतली, तेही त्यानं सांगितलं. सांगून झाल्यावर तो खाली मान घालून बसला. गेलं, त्याला वाटलं. आता ही काही घेत नाही. हात लावणारं कोणी उरलंच नाही, तर घेणार कशी?

आनंदीबाईनं खाटेवरची पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. मग म्हणाली, "आन उद्या?"

"उद्या काय?"

"उद्या तिला गोळी कोन देनार?"

आसिया हाय की, मालोजी पुटपुटला. पण आसियाच्या हातून बाई घेत नाहीत, हे त्यानं आत्ताच तर सांगितलं होतं.

आनंदीबाईनं पिशवीतली पट्टी काढली. नखानं एक गोळी सोडवली, सुप्रियाच्या हातातला तांब्या ओढून घेतला, आणि हात नाही, डोळे मिटणं नाही, गोळी सरळ तोंडात टाकून वर घटाघटा पाणी प्याली. पदरानं तोंड पुसलं. सुप्रिया आ वासून बघत राहिली.

"अगं पन हात तर..." मालोजी म्हणाला.

"मसणात गेला हात. मला पायांवर उभं राहायला नको का?" ती धाप टाकत म्हणाली. "चार दिवस तुमी जाऊन द्या तिला. मग मी जानार. तुमचा हात खरबरीत, रुतत असंल बाईला."